सावली आणि पिवळा रंग

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या जुन्या कॉम्प्युटर गेमच्या चौथ्या लेव्हलमध्ये बाहेरचं दार उघडून परत फिरलं की वाटेत एक आरसा उभा दिसतो. जाताना तो तिथे नसतो. चालत गेलं तर राजपुत्र त्याला धडकून थांबतो, आणि वळसा घालायला जागा नसते. चार पावलं मागे येऊन धावत उडी घेतली तरच तो आरशातून आरपार जातो. तो पलीकडे उतरतो न उतरतो तोच आरशातून त्याची सावली बाहेर पडते आणि उलट दिशेला पळून जाते. खाली डाव्या कोपऱ्यात बघावं तर जीवाच्या लाल त्रिकोणांपैकी एकच उरलेला असतो.

नव्वदच्या दशकात डॉस ही विंडोजच्या आधीची प्रणाली शिकायला कॉम्प्युटर क्लासला गेलेल्या मराठी पिढीला हा आरसा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सी प्रॉम्प्टवर ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करायचं आणि मग शिफ्ट-एल दाबत पुढच्या लेव्हलला जायचं, ही विद्या एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर तोंडोतोंडी पसरली होती. पण ती सावली गेममध्ये आली कशी, हे फार थोड्यांना माहीत असतं. ‘ग्राफिक्स कुठल्या कुठे गेले, खेळणं मात्र तिथेच राहिलं’ असा वाद निघाला की मला पहिल्यांदा ती सावलीच आठवते. कारण या वादात चित्र आणि खेळ हे एकमेकांचे वैरी असल्यासारखं बोललं जातं, आणि ही सावली नेमकी उलटी साक्ष देते.

जॉर्डन मेकनर हा गेम ॲपल टू या मशीनसाठी जवळजवळ एकटाच बनवत होता. १९८५ मध्ये त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उडी मारायला, लोंबकळून वर चढायला लावलं आणि त्याचा व्हिडिओ घेतला. तो टीव्हीवर थांबवत थांबवत एकेका फ्रेमचा फोटो काढला, फोटोवर काळ्या मार्करने आणि व्हाइटनरने आकृती वेगळी केली आणि ती मशीनमध्ये उतरवली. याला रोटोस्कोपिंग म्हणतात. कार्टूनपटांत हे तंत्र तेव्हाही जुनंच होतं. १९८९ मध्ये गेम बाजारात आला तेव्हा लोक आधी थबकले ते त्याच्या चालण्यावर. म्हणजे हा त्या काळातला ग्राफिक्सचाच पराक्रम होता, हे आधी मान्य केलं पाहिजे.

पण हे चित्र तिथेच थांबलं नाही, ते नियमांत उतरलं. खरा माणूस धावता धावता जागच्या जागी वळू शकत नाही, त्याला घसरत थांबावं लागतं. उडी मारण्याआधी तो गुडघ्यात वाकतो. डेव्हिडच्या शरीराचा हा सगळा वेळ राजपुत्राच्या अंगात आला, आणि त्यामुळे बटण दाबणं म्हणजे एक निर्णय झाला. एकदा धाव सुरू केली की पाऊल मोजावं लागतं, उडी कड्याच्या आधी एक पाऊल ठरवावी लागते. प्रत्येक खोली आडव्या १० आणि उभ्या ३ चौकटींची. शिफ्ट धरून हळू पाऊल टाकलं की राजपुत्र कड्याच्या अगदी टोकाला जाऊन थांबतो. एक मजला पडलं तर काही होत नाही, दोन मजले पडलं तर एक त्रिकोण जातो, तीन मजले पडलं की मरण. अख्ख्या गेमला ६० मिनिटं. एवढ्या थोड्या नियमांवर माणसं तळहाताला घाम येईपर्यंत खेळत, कारण जे दिसत होतं त्याला वजन होतं.

आता सावलीकडे येऊ. मेकनरने सुरुवातीला या गेममध्ये लढाई ठेवलीच नव्हती. त्याच्या सहकारी टोमी पियर्स यांचं म्हणणं होतं की लढाई नसेल तर गेममध्ये जीव येणार नाही. पण राजपुत्राच्या त्या देखण्या ॲनिमेशनने मेमरी जवळजवळ खाऊन टाकली होती, दुसऱ्या पात्राच्या फ्रेम ठेवायला जागा उरली नव्हती. तेव्हा त्याने आहे तीच आकृती वापरली. प्रत्येक ठिपका शून्य किंवा एक असतो. तीच आकृती एका ठिपक्याने सरकवून मूळ आकृतीवर ठेवायची आणि दोन्हींची तुलना करायची. दोन्ही ठिपके सारखे असतील तर शून्य, वेगळे असतील तर एक. प्रोग्रामिंगमध्ये याला एक्सॉर म्हणतात. आतला भरीव भाग सारखाच असल्यामुळे पुसला जातो, फक्त कडा उरतात, आणि हलताना त्या लुकलुकतात. असा एक झिरझिरीत माणूस फुकटात मिळाला. नवीन चित्र नाही, नवीन मेमरी नाही, फक्त एक सूचना.

इथून पुढे मेकनरने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. तो माणूस राजपुत्रासारखाच दिसतो, तर मग तो कोण, हा प्रश्न त्याने नियमांत सोडवला. पाचव्या लेव्हलमध्ये सावली तुमच्या डोळ्यांदेखत तुमचं औषध पिऊन टाकते. सहाव्यात ती ऐन वेळी दार बंद करते आणि तुम्ही खाली कोसळता. बाराव्यात ती तलवार काढून समोर उभी राहते, आणि तुम्ही वार केला की तुमचाच त्रिकोण जातो. तिला मारणं म्हणजे स्वतःला मारणं. अकरा लेव्हल तलवार चालवायला शिकलेल्या माणसाला इथे तलवार म्यान करावी लागते. मग सावलीही म्यान करते. मग तिच्या अंगावर सरळ चालत जायचं, आणि दोघं एक होतात. हे कुठेही लिहून सांगितलेलं नाही.

मेमरी कमी पडली म्हणून नियम सुचला, असं याचं सोपं सार काढता येईल. ते मला पुरेसं वाटत नाही. टंचाई तर सगळ्यांनाच होती. खरी गोष्ट अशी की चित्र काढणारा हात आणि नियम लिहिणारा हात एकच होता, त्यामुळे चित्राची अडचण संध्याकाळपर्यंत नियमाची कल्पना होऊ शकत होती. मधे कोणाची मंजुरी नव्हती, कोणाचं वेळापत्रक नव्हतं.

चित्राची बाजू त्यानंतर किती पुढे गेली, याचा हिशेब साधा आहे. डॉसवरच्या राजपुत्राचा पडदा ३२० बाय २०० ठिपक्यांचा होता, म्हणजे ६४,०००. आजचा फोर-के पडदा ३८४० बाय २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००. जवळजवळ १३० पट, आणि तेही सेकंदाला ६० वेळा रंगवायचे, एका फ्रेमला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास. हे जमतं, कारण एका ठिपक्याचा रंग काढायला शेजारच्या ठिपक्याची वाट बघावी लागत नाही. हजारो छोटे गणक एकाच वेळी कामाला लावता येतात. सोनीच्या २०१३ च्या प्लेस्टेशन फोर या गेम मशीनच्या ग्राफिक्स चिपची ताकद १.८४ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी) होती, २०२० च्या प्लेस्टेशन फाइव्हची १०.२८. पैसे दिले की ही ताकद मिळते. नियमांचं काम असं वाटून देता येत नाही. पहारेकऱ्याला आवाज ऐकू आला, म्हणून तो वळला, म्हणून त्याने दार उघडं पाहिलं, म्हणून त्याने हाक मारली, यात प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. प्लेस्टेशन फोरमध्ये तर हे काम करणाऱ्या मुख्य प्रोसेसरचे आठ कोअर फक्त १.६ गिगाहर्ट्झचे होते. पण प्रोसेसर हे कारण मी दुय्यम मानतो. त्याचा पुरावा याच राजपुत्राच्या पुढच्या जन्मात आहे.

२००३ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओने ‘द सँड्स ऑफ टाइम’ काढला. राजपुत्राच्या हातात एक खंजीर आला. उडी चुकली, कड्यावरून पडलात, की बटण दाबून धरायचं आणि काळ मागे जातो. राजपुत्र दरीतून उलटा वर येतो, पाय पुन्हा कठड्यावर टेकतात. हे पहिल्यांदा बघताना जे वाटलं ते चमत्काराच्या जवळचं होतं, आणि वाटायला हवंच होतं. त्याआधी चुकलेल्या उडीची शिक्षा म्हणजे पुन्हा मागच्या टप्प्यापासून सुरुवात. आता चूक ही शिकायची जागा झाली.

या चमत्काराची किंमत मांडून बघू. एका पात्राची नोंद ठेवायची तर जागेचे तीन आकडे, म्हणजे १२ बाइट. तोंड कुठे आहे त्याचे चार आकडे, म्हणजे १६. कोणतं ॲनिमेशन, त्यातला कितवा क्षण, जीव किती, हातात काय, यांना आणखी १२ धरू. झाले ४० बाइट. सेकंदाला ३० नोंदी आणि दहा सेकंद मागे जायचं तर ३०० नोंदी, म्हणजे एका पात्राला १२,००० बाइट. खोलीत शत्रू, दारं, फिरती पाती धरून वीस वस्तू असतील तर २ लाख ४० हजार. त्या काळात भिंतीवर चिकटवायचं ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचं एक चित्र, ठिपक्याला एक बाइट धरला तरी, २ लाख ६२ हजार बाइट घ्यायचं. म्हणजे काळ मागे फिरवायला लागणारी जागा साधारण एका भिंतीच्या चित्राएवढी, आणि प्लेस्टेशन टूमध्ये मुख्य मेमरी ३२ मेगाबाइट होती.

म्हणजे प्रश्न ताकदीचा नव्हता. कठीण होतं ते दुसरंच. जो शत्रू चार सेकंदांपूर्वी मेला त्याला मेमरीतून लगेच पुसून चालत नाही, काळ मागे गेला तर तो उठला पाहिजे, म्हणून मेलेल्यांनाही दहा सेकंद सांभाळावं लागतं. पडलेला पूल पुन्हा जोडला गेला पाहिजे, पण त्या पुलामुळे जे दार कायमचं बंद झालं त्याचं काय, हे कोणी तरी ठरवलं पाहिजे. दर वेळी वेगळी चाल खेळणारा शत्रू काळ मागे नेल्यावर पुन्हा तीच चाल खेळणार की दुसरी? तीच खेळला तर खेळणारा पाठ करून जिंकतो, दुसरी खेळला तर मागे जाण्याचा उपयोग कमी होतो. अशा प्रत्येक प्रश्नाला माणूस लागतो, आणि पुन्हा पुन्हा खेळून बघायला महिने लागतात. पडद्याच्या चित्रात यातलं काहीच दिसत नाही.

खंजिराचं पुढे काय झालं? गाड्यांच्या शर्यतींनी तो उचलला: २००८ च्या ‘रेस ड्रायव्हर: ग्रिड’मध्ये आणि २००९ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ३’मध्ये धडक झाली की वेळ मागे घेता येते. २००८ च्या ‘ब्रेड’ने तर अख्खा गेम काळाच्या दिशेवर बांधला. पण मोठ्या साहसी गेम्सनी उचललं ते याच घराण्यातलं दुसरं अपत्य. सँड्सनंतर माँट्रियलमध्ये राजपुत्राचाच एक पुढचा गेम सुरू झाला होता, त्यातला मारेकरी राजपुत्रापेक्षा मोठा झाला आणि २००७ मध्ये तो ‘असॅसिन्स क्रीड’ म्हणून वेगळा बाहेर पडला. त्यात उंच मनोऱ्यावर चढायचं, वरून शहर न्याहाळायचं आणि नकाशाचा तेवढा तुकडा उघडायचा, ही चाल होती. पहिल्यांदा खेळताना ती छानच होती. मग २०१२ च्या ‘फार क्राय ३’मध्ये रेडिओचे मनोरे आले आणि पुढे मनोरे इतके झाले की खेळणारे त्यांना कंटाळले.

मनोरा इतका का पसरला आणि खंजीर का नाही? मनोरा चित्रांच्या कारखान्यात बसतो. नकाशा दुप्पट करा, मनोरे दुप्पट करा, त्याभोवती चौक्या, पेट्या, पिसं पेरा, दोनशे माणसांना काम वाटून द्या. खंजीर वाटून देता येत नाही. तो आला की प्रत्येक खोली, प्रत्येक शत्रू, प्रत्येक दार त्याच्या दृष्टीने पुन्हा तपासावं लागतं.

आणि इथे पैसा येतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीची काही कागदपत्रं नीट न झाकता दाखल झाली, त्यातून ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ला सुमारे २२ कोटी डॉलर आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला सुमारे २१ कोटी २० लाख डॉलर लागल्याचं जगाला कळलं. एवढ्या खर्चात चुकून बघायला वाव कुठून राहणार? एक साधं उदाहरण घ्या. नायक चार मीटरचा खड्डा ओलांडतो असं ठरलं. त्या मापावर तीनशे कडे बांधले, त्यांवर दगड, शेवाळ, वेली, उजेड चढला. आता खेळून बघणारा म्हणतो, साडेचार मीटरची उडी हाताला जास्त बरी लागते. उडी बदलली की तीनशे खड्डे खोटे पडतात, जिथे पोचू नये तिथे नायक पोचतो, उडीचं ॲनिमेशन पुन्हा घ्यावं लागतं. मग उडी तशीच ठेवतात. म्हणून जाणते लोक आधी राखाडी ठोकळ्यांची लेव्हल बांधतात, जिला ग्रेबॉक्स म्हणतात, आणि ठोकळ्यांवर उडी पक्की झाल्याशिवाय एकही दगड रंगवू देत नाहीत. पण ट्रेलर दाखवायची तारीख आली की ही शिस्त पहिल्यांदा मोडते, कारण राखाडी ठोकळ्यांचा ट्रेलर दाखवता येत नाही.

ठोकळे जिंकले अशी उदाहरणं आहेत, आणि ती मनापासून सांगण्यासारखी आहेत. निंटेंडोच्या लोकांनी ‘झेल्डा’ मालिकेतला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ बनवताना आधी जुन्या झेल्डासारखा सपाट, वरून दिसणारा छोटा गेम बनवला आणि त्यात आग, वारा, लाकूड, गवत यांचे नियम तपासले. २०१७ मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यांनी तो उघडपणे दाखवला. नियम तीनच: आग, पाणी, वीज अशी तत्त्वं वस्तूची अवस्था बदलू शकतात, तत्त्वं एकमेकांचीही अवस्था बदलू शकतात, पण वस्तू दुसऱ्या वस्तूची अवस्था बदलू शकत नाही. बाण शेकोटीवरून सोडला की पेटतो. पेटलेल्या गवतातून गरम हवा वर येते आणि पंखासारख्या कापडाने तिच्यावर वर जाता येतं. विजा चमकत असताना पाठीवर लोखंडी तलवार असेल तर वीज अंगावर पडते. निंटेंडोच्या मूळ स्विच या मशीनवर, ते टीव्हीला जोडल्यावरही, हा गेम ९०० ओळींच्या चित्रावर, सेकंदाला ३० फ्रेमवर चालतो. फार थोड्यांनाच त्याची उणीव भासली.

चित्राने खेळाचं नुकसान केलं असं मात्र एका जागी स्पष्ट दाखवता येतं, आणि ती जागा म्हणजे पिवळा रंग. जुन्या राजपुत्राच्या वाटेत सैल फरशा असायच्या. नीट बघितलं तर त्या किंचित वेगळ्या दिसायच्या, आणि खात्री करायची असेल तर जागच्या जागी उडी मारायची. त्या रांगेतल्या सैल फरशा खडखडायच्या. म्हणजे डोळ्याने बघा, शंका घ्या, उडी मारून विचारा, मग पाय टाका. चित्र वाचणं हाच खेळ होता. हे शक्य होतं कारण पडद्यावर जे काढलेलं होतं त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला नियम होता. मशाल आणि खांब सोडले तर शोभेला काही नव्हतंच.

आता एखाद्या खोलीत शंभर वस्तू काढल्या आणि त्यातल्या पाचच काही करतात, तर खेळणाऱ्याला त्या पाच कळणार कशा? सगळ्या तितक्याच खऱ्या दिसतात. शंभर कड्यांपैकी ज्याला हात धरता येतो तो कडा कोणता? म्हणून कड्यावर पिवळा रंग फासतात, शिडीला पिवळी पट्टी मारतात. २०२३ च्या ‘रेसिडेंट इव्हिल ४’च्या नव्या अवतारात फोडायच्या पिंपांवर पिवळा रंग होता, २०२४ मध्ये ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’च्या डेमोत पिवळे कडे दिसले आणि मोठा वाद झाला. रंग फासणाऱ्यांना दोष देणं अन्यायाचं आहे. खेळून बघणारे लोक खरोखर अडकतात, आणि त्यांच्यासाठी तो रंग लागतो. २००९ च्या ‘बॅटमॅन: अर्काम असायलम’मध्ये निळसर दिसणारी एक खास नजर दिली होती, ती लावली की कामाच्या गोष्टी उजळतात. तिच्यात अडचण अशी की ती नजर उपयोगी असल्यामुळे लोक ती काढतच नाहीत आणि चितारलेला वाडा कोणी बघत नाही. मला सर्वांत प्रामाणिक वाटलेला तोडगा ‘मिरर्स एज’चा, २००८ मधला: सगळं शहरच पांढरं ठेवलं आणि वाट लाल. तिथे रंग नंतर फासलेला नव्हता, रंगाची योजनाच खेळासाठी केलेली होती.

आणखी एक फरक वारशाचा आहे. चित्राचं तंत्र एकाने शोधलं की परिषदेत सांगितलं जातं, वर्षा-दोन वर्षांत इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, उतरतं. २०२२ मध्ये आलेल्या अनरियल इंजिन ५ मध्ये ल्यूमेनने उजेडाचं आणि नॅनाइटने बारीक आकारांचं काम अंगावर घेतलं, आणि ते नाशिकमध्ये एकट्याने काम करणाऱ्या मुलीलाही तितकंच मिळतं जितकं कॅनडातल्या स्टुडिओला. खेळाच्या कल्पनेला असं घर नाही. मोनोलिथ या अमेरिकी स्टुडिओने २००५ मध्ये ‘फिअर’ काढला. त्यातले शिपाई स्वतः योजना आखायचे: टेबल आडवं पाडून आडोसा करायचे, मागच्या दाराने यायचे. त्यामागची पद्धत जेफ ऑर्किन यांनी सविस्तर लिहून सगळ्यांना दिली. त्याच स्टुडिओने २०१४ मध्ये ‘शॅडो ऑफ मॉर्डर’मध्ये असे शत्रू केले जे तुम्हाला ओळखतात. ज्याने तुम्हाला मारलं त्याची सैन्यात बढती होते, तुम्ही जाळून सोडलेला जखमांचे डाग घेऊन परत येतो आणि मागची भेट बोलून दाखवतो. या पद्धतीचं पेटंट स्टुडिओच्या मालक कंपनीला, वॉर्नर ब्रदर्सला, २०२१ मध्ये मिळालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टुडिओ बंद केला गेला. पेटंट राहिलं, ते वापरणारे हात गेले. याचं मला मनापासून दुःख होतं, कारण गेल्या पंधरा वर्षांत शत्रूच्या वागण्यात इतकं नवं फार थोड्यांनी केलं.

हा सगळा गुंता एकदा पुण्या-मुंबईच्या दारात येऊन उभा राहिला होता. सप्टेंबर २०२० मध्ये ‘द सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक जाहीर झाला. बनवत होते युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ. इतक्या मोठ्या नावाच्या गेमचं नेतृत्व भारतातल्या स्टुडिओंकडे येणं ही फार मोठी गोष्ट होती. ट्रेलर आला आणि चर्चा एकाच गोष्टीची झाली: चेहरे जुनाट दिसतात, उजेड सपाट आहे. तारीख जानेवारी २०२१ वरून मार्चवर, मग बेमुदत पुढे गेली आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवलं गेलं. ज्या गेमचं मोठेपण खंजिरात होतं, त्याचा न्याय कातडीवरच्या उजेडावर झाला. खंजीर हाताला कसा लागतो, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. ट्रेलरमधून ते विचारताही येत नाही, कारण हात लावल्याशिवाय नियम कळत नाही आणि चित्र तर लांबूनही दिसतं.

आपल्याकडे बाहेरून येणारं पुष्कळसं काम चित्रांचंच असतं: मॉडेल, टेक्स्चर, ॲनिमेशन. ते नग मोजून देता येतं, तपासता येतं, त्याचं बिल करता येतं. त्यामुळे डोळे आणि हात तयार झालेली पुष्कळ माणसं आपल्याकडे आहेत, आणि उडी साडेचार मीटरची करावी का, हा प्रश्न ज्यांच्यापर्यंत येतो अशी माणसं कमी. त्याच २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ काढला. राजस्थानी वाडे, पहाडी शैलीतली चित्रं, भावाला शोधणारी मुलगी. त्याचं चित्र पूर्णपणे त्याचं स्वतःचं आहे. भिंतीवरून धावणं, खांबावर चढणं, शत्रूंचे घोळके हे मात्र आधीच्या गेम्समधून आलेलं आहे, राजपुत्राकडूनही. छोट्या गटाने पहिल्याच गेममध्ये एवढं केलं हे थोर आहे, म्हणूनच त्यांच्याकडून पुढे नियमही स्वतःचा यावा अशी अपेक्षा करावीशी वाटते.

जानेवारी २०२४ मध्ये युबिसॉफ्टच्या फ्रान्समधल्या माँपेलिए स्टुडिओने ‘द लॉस्ट क्राउन’ काढला. बाजूने दिसणारा, पहिल्या राजपुत्रासारखा. स्विचवरही तो सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, कारण उडीचा आणि वाराचा नेमका क्षण पकडायचा असतो. या जातीच्या गेममध्ये एक जुनं दुखणं आहे: दहाव्या मिनिटाला बंद दार दिसतं, ते उघडायची शक्ती आठव्या तासाला मिळते, तोवर ते दार कुठे होतं हे कोणालाच आठवत नाही. नकाशावर खूण करता येते, पण खूण बघून तिथे काय होतं ते कळत नाही. माँपेलिएच्या लोकांनी एक बटण दिलं. दारासमोर उभं राहून दाबलं की समोरच्या पडद्याचा फोटो निघतो आणि नकाशात त्याच जागी टाचला जातो. फोटो मोजकेच मिळतात, त्यामुळे कुठलं दार टिपून ठेवायचं हे ठरवावं लागतं, आणि हळूहळू आणखी मिळवता येतात. पडद्याचं चित्र साठवणं ही कित्येक वर्षं प्रत्येक कन्सोलवर असलेली सोय. ती खेळाच्या आत आणावी हे त्यांना सुचलं. इथे चित्रच नियम झालं. त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, तो गट वेगवेगळ्या कामांवर पांगवला गेल्याचं समजलं.

त्या गेममध्ये मधल्या टप्प्यावर नायकाला एक शक्ती मिळते. बटण दाबलं की तो आपली सावली आहे त्या जागी उभी करून ठेवतो. मग पुढे धावायचं, पातं चुकवायचं, लांब जाऊन कळ दाबायची, दार मिटायला लागलं की पुन्हा बटण दाबायचं, आणि नायक क्षणात त्या सावलीच्या जागी परत येतो, ती ज्या पवित्र्यात उभी होती त्याच पवित्र्यात.